रंध्र, लेप आणि शृंगस्तर : त्वचेवाटे औषध शरीरात जाण्याच्या कल्पनेचा इतिहास

अंगाला लावलेले औषध शरीराच्या आत जाते काय, हा प्रश्न वैद्यकाइतकाच जुना आहे. त्याला मिळालेली उत्तरे मात्र परस्परविरोधी आहेत. त्वचा ही असंख्य छिद्रांची चाळण असून तीतून पदार्थांची सतत ये-जा चालते, असे एक मत दीर्घकाळ रूढ होते. त्वचा हे अभेद्य वेष्टन असून तीवाटे काहीही आत शिरत नाही, असे दुसरे मत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रयोगशाळांतून पुढे आले. दोन्ही पक्षांत चांगले निरीक्षक होते. दोन्ही पक्षांजवळ पुरावाही होता. तरीही अडथळा नेमका कोठे आहे हे कळण्यास विसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला. या विलंबाचे कारण उपकरणांच्या उणिवेत जितके आहे तितकेच ते शब्दांतही आहे. ‘रंध्र’ आणि ‘मृत’ या दोन शब्दांनी अभ्यासकांचे लक्ष भलत्याच ठिकाणी खिळवून ठेवले, असे या इतिहासाचे परिशीलन केले असता दिसून येते.

आज ज्ञात असलेली त्वचेची रचना प्रथम थोडक्यात ध्यानात घ्यावयास हवी. आतील बाजूस अंतस्त्वचा. तीत रक्तवाहिन्या, मज्जातंतू, घर्मग्रंथी आणि केसांची मुळे असतात. औषध सर्व शरीरात पसरावयाचे तर त्याने येथपर्यंत पोचून रक्तात मिसळले पाहिजे. तिच्यावर बाह्यत्वचा; हीत रक्तवाहिन्या नाहीत. बाह्यत्वचेच्या तळाशी नव्या पेशी सतत जन्म घेतात, वर सरकतात, चपट्या होतात, त्यांतील केंद्रक नाहीसे होते आणि अखेर केराटीन नामक प्रथिनाने भरलेली, एकमेकींवर रचलेली पातळ पापुद्र्यांची चळत तेवढी उरते. हाच शृंगस्तर. तळहात व तळपाय सोडल्यास बहुतेक ठिकाणी त्याची जाडी अवघी १० ते २० मायक्रॉन असते, म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भागही तो कष्टाने भरतो. त्यात पापुद्र्यांचे सुमारे पंधरा थर असतात आणि साधारणतः दोन आठवड्यांत ते झडून नवे येतात. स्नानाच्या वेळी ‘मळ’ म्हणून जे चोळून काढले जाते त्यात या पापुद्र्यांचा वाटा मोठा असतो. युरोपीय शरीरशास्त्रज्ञांनी या थरास दिलेले नाव लॅटिन ‘कॉर्नू’, म्हणजे शिंग, या शब्दावरून आले आहे. संस्कृत ‘शृंग’ आणि लॅटिन ‘कॉर्नू’ हे एकाच मूळ शब्दाचे वंशज असल्याने आपली परिभाषा येथे केवळ भाषांतरित नसून सगोत्रही आहे. परंतु या नावाबरोबर शिंगाच्या निर्जीवपणाची कल्पनाही आली, आणि तिने पुढे बराच घोटाळा केला.

भारतीय वैद्यकात औषधांची विभागणी करताना पोटात घ्यावयाचे ते अंतःपरिमार्जन आणि बाहेरून लावावयाचे ते बहिःपरिमार्जन, असा भेद चरकसंहितेने केला आहे. अभ्यंग, स्वेद, प्रदेह, परिषेक हे सारे दुसऱ्या वर्गातील. त्वचेच्या थरांचे वर्णन चरक व सुश्रुत या दोहोंनीही केले आहे. चरकाच्या मते थर सहा, सुश्रुताच्या मते सात. चरकाने सर्वांत बाहेरच्या थराला ‘उदकधरा’, म्हणजे पाणी धारण करणारी, असे नाव दिले आहे. सुश्रुताने गर्भाच्या त्वचेची उत्पत्ती सांगताना तापत्या दुधावर धरणाऱ्या सायीची उपमा योजिली आहे, आणि अवभासिनी, लोहिता, श्वेता, ताम्रा, वेदिनी, रोहिणी व मांसधरा या सात थरांची जाडी व्रीहीच्या, म्हणजे भाताच्या दाण्याच्या, मापाने दिली आहे. पहिला थर व्रीहीच्या अठराव्या भागाएवढा, शेवटचा दोन व्रीहींएवढा. ही मापे मांसल भागांची आहेत, कपाळ व बारीक बोटे यांना ती लागू नाहीत, अशी पुस्तीही त्याने जोडली आहे. मापापेक्षा ही पुस्तीच अधिक मोलाची वाटते. नियम सांगून त्याचा अपवाद नोंदविणारा लेखक स्वतः पाहून लिहीत असतो. निदान पाहणाऱ्याच्या परंपरेतून तरी लिहीत असतो.

हे पाहणे कसे घडले याचाही उल्लेख सुश्रुतसंहितेत आहे. शव मुंज इत्यादी गवतांनी गुंडाळून, पिंजऱ्यात घालून, वाहत्या पाण्यात आडोशाला सात रात्री ठेवावे. नंतर वाळा, केस, वेळू यांच्या कुंचल्याने ते हळूहळू घासावे आणि त्वचेपासून प्रत्येक अंग डोळ्यांनी पाहावे, अशी ती कृती आहे. शस्त्राने कापून नव्हे, तर घासून एकेक थर दूर करण्याची ही पद्धत पुढील विवेचनात पुन्हा आठवावी लागेल. तिच्यात एक उणीव मात्र उघड आहे. सात दिवस पाण्यात भिजलेल्या त्वचेचा सर्वांत वरचा पापुद्रा फुगतो, सुटतो आणि कुंचल्याच्या पहिल्या फटकाऱ्यातच निघून जाण्याचा संभव असतो. ज्या थरावर सारे अवलंबून आहे तोच या निरीक्षणात हाती न लागण्याची शक्यता अधिक होती.

औषध आत जाते कसे, याविषयी सुश्रुताचे विधान स्पष्ट आहे. लेप केसांच्या उलट दिशेने लावावा. कारण तसा लावल्यास तो नीट टिकतो, रोमकूपांत शिरतो आणि घाम वाहणाऱ्या वाहिन्यांच्या मुखांतून त्याचे वीर्य आत पोचते. लेपाची जाडी म्हशीच्या ओल्या कातड्याएवढी असावी आणि तो अंगावर सुकू देऊ नये. सुकलेला लेप निरुपयोगी व पीडाकारक होतो. त्वचेत राहणारे भ्राजक पित्त अभ्यंगाचे व लेपाचे द्रव्य पचविते, असेही त्याने म्हटले आहे. येथे ‘रोमकूप’ हा शब्द विचार करण्याजोगा आहे. कूप म्हणजे विहीर. विहिरीला तळ असतो. ती आरपार गेलेली वाट नव्हे. सुश्रुताच्या वर्णनातही औषध विहिरीत उतरते आणि तेथून पुढे नेण्यासाठी त्याला दुसऱ्या वाहिन्यांची व पचविणाऱ्या पित्ताची योजना करावी लागते. उघडे भोक आहे म्हणून पदार्थ आपोआप आत गेला, एवढे साधे हे चित्र नाही.

बाराव्या शतकातील टीकाकार डल्हण याने या चित्राला काळाचे माप जोडले. अंगाला चोळलेला स्नेह तीनशे मात्रांइतक्या काळात केसांच्या मुळांशी, चारशे मात्रांत त्वचेत, पाचशेत रक्तात, सहाशेत मांसात, सातशेत मेदात, आठशेत अस्थीत आणि नऊशे मात्रांत मज्जेत पोचतो, असे त्याच्या टीकेत सांगितले आहे. मात्रा हे माप ध्वनिशास्त्रातले; ऱ्हस्व स्वराच्या उच्चारास लागणारा काळ म्हणजे एक मात्रा. शिक्षाग्रंथांत वर्ण मोजण्यासाठी असलेल्या मापाने वैद्याने तेलाचा प्रवास मोजावा, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाला विशेष लक्षणीय वाटेल. घड्याळ नसलेल्या समाजात उच्चार हेच घड्याळ होते. या हिशेबाने तीनशे मात्रा म्हणजे एक ते दीड मिनिट. आधुनिक मापनांशी हे आकडे जुळत नाहीत. बहुतेक द्रव्यांना शृंगस्तर ओलांडण्यास मिनिटे नव्हे, तासच्या तास लागतात. प्रत्येक धातूसाठी नेमक्या शंभर मात्रांची वाढ हीही निरीक्षणापेक्षा धातुक्रमाच्या सिद्धान्तातूनच आली असली पाहिजे. प्राचीनांना सर्व काही ठाऊक होते असे म्हणणाऱ्यांनी याकडे डोळेझाक करू नये. मात्र लावणे आणि पोचणे यांत काळाचे अंतर असते, ही कल्पना येथे निःसंदिग्ध आहे, आणि तिचे श्रेय डल्हणाला दिलेच पाहिजे.

चरकाच्या अभ्यंगवर्णनातील एक स्थळही येथे नोंदविण्याजोगे आहे. तेल चोळल्याने शरीर कसे दृढ होते हे सांगताना तो घडा, चामडे आणि गाडीचा आस या तीन वस्तूंची उपमा देतो. तिन्ही वस्तू निर्जीव आहेत. तेलाचा गुण सांगताना सजीव देहाला निर्जीव वस्तूंची उपमा त्याला खटकली नाही. शृंगस्तरापुरती तरी ही उपमा आजच्या ज्ञानाशी विसंगत ठरत नाही.

युरोपात हा विचार वेगळ्या वाटेने गेला. इंग्रजीत व इतर युरोपीय भाषांत त्वचेच्या छिद्राला जो ‘पोर’ शब्द आहे तो ग्रीक ‘पोरोस’पासून आलेला. पोरोस म्हणजे मार्ग, नदी ओलांडण्याचा उतार. म्हणजे जे सिद्ध करावयाचे ते नावातच गृहीत धरले गेले होते. विहिरीला तळ असतो. उताराला पैलतीर असतो. पादुआचा वैद्य सान्तोरिओ याने १६१४ साली आपला प्रसिद्ध ग्रंथ छापला. तराजूला टांगलेल्या खुर्चीत बसून तो वर्षानुवर्षे स्वतःचे वजन, अन्न आणि मलमूत्र यांची मापे घेत होता. आठ पौंड अन्नपाणी घेतले तर त्यांतील सुमारे पाच पौंड डोळ्यांना न दिसता शरीरातून निघून जाते, असे त्याचे अनुमान होते. या न दिसणाऱ्या बाष्पाचा काही भाग फुप्फुसांतून जातो व काही त्वचेतून. त्वचेचा भाग छिद्रांवाटे जातो असे सहजच मानले गेले. १६८४ साली नेहेमाया ग्रू याने बोटांवरील कंगोऱ्यांत ओळीने मांडलेली घामाची छिद्रे सूक्ष्मदर्शकातून पाहून त्यांचे चित्रच प्रसिद्ध केले. शब्द होता, आता वस्तूही दिसली. बाहेर येण्याचा मार्ग तोच आत जाण्याचाही मार्ग, या समजुतीला यानंतर कोणी फारसा विरोध केला नाही.

व्यवहारात तिला आधारही होता. सोळाव्या शतकापासून उपदंशावर पाऱ्याचे मलम अंगाला चोळण्याची पद्धत युरोपभर चालू होती; रोग्याच्या तोंडातून लाळ वाहू लागे, हिरड्या सुजत, म्हणजे पारा शरीरात जात होता यात संशय नव्हता. परंतु तो त्वचेतून जात होता की उष्णतेने वाफ होऊन श्वासातून, हा वाद सुटण्यासारखा नव्हता. औषध आत गेले एवढे कळत होते. कोणत्या दाराने गेले हे कळत नव्हते.

एकोणिसाव्या शतकात मोजमापाचे शास्त्र वाढले आणि पारडे एकदम उलटले. स्नानाच्या पाण्यात क्षार विरघळवून त्यात मनुष्याला बसवावे व नंतर मूत्रात तो क्षार शोधावा, असे प्रयोग जर्मनीत व फ्रान्समध्ये पुष्कळ झाले, आणि बहुधा काहीच सापडले नाही. १८७७ साली फ्लायशर याने मनुष्याची त्वचा पूर्णतः अभेद्य आहे असा निष्कर्ष काढला. प्रयोग काळजीपूर्वक केलेले होते. चूक होती ती पदार्थांच्या निवडीत. पाण्यात सहज विरघळणारे क्षार हेच त्वचेतून सर्वांत कष्टाने जाणारे पदार्थ आहेत, हे तेव्हा कोणास ठाऊक नव्हते. पाण्याच्या परीक्षेवरून तेलाविषयी निकाल दिला गेला.

या निकालाला विरोध करणारा पुरावा प्रयोगशाळेबाहेरून आला, आणि तो करुण होता. १८८६ साली इंग्लंडमधील रेनर याने ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये नवजात बालकांच्या विषबाधेची हकीकत प्रसिद्ध केली. रुग्णालयातील बाळांच्या दुपट्यांवर ओळखीसाठी ॲनिलीन रंगाचे शिक्के मारलेले होते. ते न धुता वापरले गेले आणि मुले निळी पडली. मुलांनी काही गिळले नव्हते. शिक्क्याचा ओला रंग ज्या ठिकाणी कोवळ्या त्वचेला लागला त्या ठिकाणाहूनच विष रक्तात गेले होते. ‘अभेद्य’ या विशेषणाला याहून स्पष्ट उत्तर मिळणे अवघड होते.

पेशींचे आवरण स्निग्ध द्रव्यांत विरघळणाऱ्या पदार्थांना वाट देते असे मायर व ओव्हर्टन यांनी १८९९च्या सुमारास दाखविले. तोच विचार श्वेंकेनबेखर याने १९०४ साली त्वचेला लावला : स्नेहात विरघळणारे पदार्थ व वायू त्वचेतून जातात, पाणी व क्षार जवळजवळ जात नाहीत. यामुळे दोन्ही जुन्या पक्षांचा पुरावा एकाच चौकटीत बसला. ॲनिलीन गेले, कारण ते स्निग्ध द्रव्यांत मिसळते. क्षार गेले नाहीत, कारण ते मिसळत नाहीत. पण कोण जातो हे कळले तरी त्याला अडविले कोठे जाते, हा प्रश्न उरलाच.

येथे दुसरा शब्द आडवा आला. शृंगस्तर ‘मृत’ आहे हे सर्वांना मान्य होते. जे मृत आहे ते काही कार्य करीत असेल असे कोणाच्या मनातच येईना. कार्य हा सजीवांचा धर्म. तेव्हा अडथळा असेल तर तो सजीव पेशींतच असला पाहिजे. सूक्ष्मदर्शकाखाली रंगवून पाहिलेल्या त्वचेच्या कापांत शृंगस्तर विस्कळीत, जाळीदार टोपलीसारखा दिसे आणि त्यामुळे हा समज बळावे. ते विस्कळीत रूप काप तयार करण्याच्या क्रियेतून येते हे पुष्कळ उशिरा उमगले. हेर्मान राइन याने १९२४ साली विद्युत्‌मापनांवरून अडथळ्याची जागा शृंगस्तर व त्याखालील सजीव पेशी यांच्या सीमेवर मानली, आणि स्टीफन रॉथमन यांच्या १९५४च्या सुप्रसिद्ध ग्रंथातही ती शृंगस्तराखालीच राहिली. जिवंत पेशींपासून फार दूर जाण्याची कोणाची तयारी नव्हती.

परंतु दरम्यान थर घासून पाहण्याची जुनी पद्धत नव्या रूपात परत आली होती. १९४४ साली विन्सर व बर्च यांनी शवाच्या पोटावरील त्वचेचा शृंगस्तर खरकागदाने घासून काढला, तेव्हा त्वचेतून पाणी निसटण्याचा वेग कितीतरी वाढला. त्वचेवर चिकटपट्टी दाबून बसवावयाची आणि ओढून काढावयाची, म्हणजे प्रत्येक वेळी एक पातळ पापुद्रा तिच्याबरोबर निघतो. ही रीत हेर्मान पिंकस यांनी १९५१ साली सविस्तर वर्णिली. बोस्टनचे अर्विन ब्लँक यांनी १९५३ साली तिचा उपयोग केला. एकामागून एक पापुद्रे काढीत असता पाणी निसटण्याचा वेग बराच वेळ फारसा वाढेना. अगदी शेवटचे थर निघू लागताच तो झपाट्याने वाढला. याचा अर्थ अडथळा शृंगस्तराच्या तळाशी आहे, असा प्रथम लावण्यात आला.

वस्तुतः त्याच आकड्यांतून वेगळा अर्थ निघत होता. १८५५च्या फिक नियमानुसार पडद्यातून द्रव्य जाण्याचा वेग पडद्याच्या जाडीच्या व्यस्त प्रमाणात असतो. सर्वत्र सारखाच असलेला पडदा अर्धा झिजविला तर वेग दुप्पट होईल. नऊ दशांश झिजविला तर दसपट. म्हणजे पडद्याचा प्रत्येक भाग सारखाच कार्यक्षम असला तरी आलेख आरंभी सपाट आणि शेवटी उभा दिसणारच. तळाशी गुप्त भिंत कल्पिण्याचे कारण नव्हते. सगळा शृंगस्तरच भिंत होता. एकच आकडेवारी दोन प्रकारे वाचता येते, आणि कोणते वाचन डोळ्यांसमोर प्रथम येईल ते आधीच्या समजुतीवर अवलंबून असते, याचे हे चांगले उदाहरण आहे. १९६०नंतरच्या दशकात क्लिगमन व ख्रिस्टोफर्स यांनी सबंध शृंगस्तर अखंड पापुद्र्याच्या रूपात सोडवून दाखविला. तो विस्कळीत नसून घट्ट व चिवट होता. शॉयप्लाइन यांच्या मापनांनी पाण्याचे रेणू या थरातून अंतस्त्वचेपेक्षा हजारपटीहून अधिक मंद गतीने सरकतात हे सिद्ध केले. जे फेकून द्यावयाचे, खरवडून काढावयाचे, तेच द्वारपाल ठरले.

मग रंध्रांचे काय? केसांची व घामाची मुखे मिळून त्वचेच्या क्षेत्रफळाचा साधारणतः हजारावा भाग व्यापतात. एवढ्या अल्प जागेतून होणारी वाहतूक, उरलेल्या सर्व क्षेत्रातून मंदपणे पण अखंड होणाऱ्या वाहतुकीपुढे अखेरीस फिकी पडते. मात्र शॉयप्लाइन यांनीच हेही दाखविले की लावल्यानंतरच्या पहिल्या काही काळात, शृंगस्तर ओलांडून रेणू पलीकडे पोचण्यापूर्वी, केसांच्या मुळांची आडवाट महत्त्वाची असते. सुश्रुताचे रोमकूप सर्वस्वी चूक नव्हते. ती प्रारंभीची वाट होती, मुख्य वाट नव्हे.

१९७५ साली मायकेल्स, चंद्रशेखरन व शॉ यांनी आणि त्यानंतर सॅन फ्रान्सिस्कोचे पीटर इलायस यांनी या भिंतीची रचना विटा व चुना या रूपकाने मांडली. केराटीनने भरलेले पापुद्रे या विटा. त्यांमधील स्निग्ध द्रव्य हा चुना. या चुन्याच्या वजनात सुमारे अर्धे सेरामाइड, पाव कोलेस्टेरॉल आणि उरलेल्यात मेदाम्ले प्रामुख्याने असतात. औषधाचा रेणू विटांना वळसे घालीत चुन्यातून जातो. वीस मायक्रॉनच्या भिंतीसाठी त्याला कित्येक शे मायक्रॉनची नागमोडी वाट चालावी लागते. स्निग्धात विरघळणारे पदार्थच का जातात, याचा उलगडा यात आहे. रेणुभार ५००च्या वर गेला की ही वाट जवळजवळ बंद होते, असा स्थूल नियम बॉस व माइनार्डी यांनी २००० साली मांडला. रूपक चांगले आहे, परंतु तेही पुरते निर्दोष नाही. भिंतीतला चुना एकदा वाळला की तसाच राहतो. त्वचेतला चुना खालच्या सजीव पेशी रोज नव्याने पुरवीत असतात, आणि खरचटलेली त्वचा काही तासांतच तो पुन्हा भरू लागते. ‘मृत’ शब्दाची छाया या रूपकावरही पडली आहे.

सुश्रुताने लेप सुकू देऊ नये म्हटले होते. १९६२ साली मॅकेन्झी व स्टॉटन यांनी स्टेरॉइडचे औषध लावून वर प्लास्टिकचे पातळ आवरण घातले, तेव्हा शोषण सुमारे शंभरपट वाढल्याचे त्यांना आढळले. आवरणामुळे शृंगस्तर ओला राहतो, फुगतो आणि त्याची पकड ढिली होते. दुसऱ्याच वर्षी व्हिकर्स यांनी आणखी एक अनपेक्षित गोष्ट दाखविली. औषध पुसून टाकल्यानंतरही ते शृंगस्तरात साठून राहते आणि पुढे कित्येक दिवसांनी तो भाग पुन्हा झाकला तर औषधाचा परिणाम पुन्हा दिसू लागतो. भिंत ही कोठारही होती.

शरीराच्या निरनिराळ्या भागांत शोषण किती भिन्न असते हे फेल्डमन व मायबाक यांनी १९६७ साली किरणोत्सर्गी कार्बनने खूण केलेल्या हायड्रोकॉर्टिसोनच्या साह्याने मोजले. कोपराखालच्या हाताची आतली बाजू १ धरली तर तळपाय ०.१४, तळहात ०.८३, डोके ३.५, कपाळ ६, जबड्याचा कोपरा १३ आणि वृषणावरची त्वचा ४२. सुश्रुताने मापाच्या नियमातून वगळलेले कपाळ येथे पुन्हा भेटते. पुढे पॅराथिऑन या कीटकनाशकाची अशीच मापे घेतली गेली. हातावर लावलेल्यापैकी दहा टक्क्यांहून कमी शोषले गेले, वृषणावर जवळजवळ सगळे.

हे आकडे पाठ्यपुस्तकांत आज निर्विकारपणे छापलेले असतात. या काळातील त्वचाविज्ञानाच्या ज्ञानाचा मोठा भाग कोणाच्या अंगावर मिळविला गेला याचा उल्लेख त्यांच्या शेजारी क्वचितच आढळतो. फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात १९५१पासून १९७४पर्यंत क्लिगमन यांच्या देखरेखीखाली कैद्यांच्या त्वचेवर प्रयोग चालले. कैद्यांत कृष्णवर्णीयांची संख्या मोठी होती आणि तपासलेल्या द्रव्यांत डायॉक्सिनसारखे विषही होते. तुरुंगात प्रथम गेलो तेव्हा आपल्याला एकरच्या एकर त्वचा दिसली, अशा आशयाचे क्लिगमन यांचे उद्गार १९६६ साली छापले गेले, आणि त्यांवरूनच ॲलन हॉर्नब्लम यांनी १९९८ साली या प्रकरणावरील आपल्या ग्रंथाचे नाव घेतले. माणूस न दिसता क्षेत्रफळ दिसावे, हा केवळ बोलण्यातला सैलपणा नव्हे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या वैद्यक शाखेने २०२१ साली आणि फिलाडेल्फिया शहराने २०२२ साली क्षमा मागितली. कॅलिफोर्नियात व्हॅकव्हिल येथील कैद्यांच्या त्वचेवर कीटकनाशके व तणनाशके लावून केलेल्या प्रयोगांबद्दल तेथील सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठानेही २०२२च्या डिसेंबरात क्षमायाचना केली. शृंगस्तराच्या अखंड पापुद्र्याचे श्रेय ज्या संशोधकाकडे जाते त्याच्याच नावावर होम्सबर्गही आहे. इतिहासकाराला यांपैकी एकच नोंद ठेवता येत नाही.

ज्ञान पक्के झाल्यावर उपयोग लवकर झाला. नायट्रोग्लिसरीन त्वचेतून जाते हे स्फोटकांच्या कारखान्यांतील कामगारांना शास्त्रज्ञांच्या आधी कळले होते. रविवारच्या सुटीनंतर सोमवारी कामावर आले की त्यांचे डोके भयंकर दुखे, आणि सवय मोडू नये म्हणून काही जण सुटीतही टोपीच्या पट्टीत ते द्रव्य थोडेसे चोळून ठेवीत. हृदयशूळावर त्याचे मलम १९५०नंतरच्या दशकात वापरात आले. मात्र मलम किती लावले, किती जागेवर लावले यावर मात्रा अवलंबून राही. ही अनिश्चितता दूर करण्याचे काम पट्टीने केले. १९७९च्या अखेरीस अमेरिकेत स्कोपोलामीनची पट्टी मान्य झाली. जहाजावर व प्रवासात होणाऱ्या मळमळीवर ती कानामागे चिकटवावयाची होती. स्कोपोलामीन हे धोतऱ्यातही आढळणारे द्रव्य. अडीच चौरस सेंटिमीटरच्या या पट्टीत दीड मिलिग्रॅम औषध असे व तीन दिवसांत त्यांतील सुमारे एक मिलिग्रॅम शरीरात जाई. औषध सोडण्याचा वेग पट्टीतील पडदा ठरवी, त्वचा नव्हे. आणि कानामागची जागा निवडली ती तेथील त्वचा अधिक वाट देते म्हणूनच. पुढे नायट्रोग्लिसरीन, क्लोनिडीन, इस्ट्राडिऑल, १९९० साली फेंटॅनिल व १९९१ साली निकोटीन यांच्या पट्ट्या आल्या. यादी लांबली तरी फार लांबली नाही. अल्प मात्रेत गुणकारी, रेणूने लहान आणि स्निग्धात विरघळणारी औषधे निसर्गातच थोडी आहेत.

विषांची यादी मात्र या कसोट्यांना सहज उतरते. स्कोपोलामीनचा रेणुभार ३०३, फेंटॅनिलचा ३३६. पॅराथिऑनचा २९१, प्रोफेनोफॉसचा ३७४. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले आणि शेकडो जणांना रुग्णालयात न्यावे लागले. प्रोफेनोफॉसयुक्त मिश्रणेही तेव्हा फवारली जात होती. विष श्वासातून गेले तसेच त्वचेतूनही. डोक्याएवढ्या वाढलेल्या कपाशीत तोंडावर उडणारा फवारा, पाठीवरच्या पंपातून झिरपून ओला झालेला सदरा व पायजमा, दमट उकाडा आणि घाम यांचा एकत्रित परिणाम प्रयोगशाळेतील प्लास्टिकच्या आवरणाहून फारसा निराळा नसतो : ओला, उबदार, झाकलेला शृंगस्तर. कपाळ, जबडा आणि जांघ हे सर्वाधिक शोषणाचे भागच अशा वेळी भिजतात. फवारणी संपल्यावर हात धुतले जातात. तळहात हा शरीराचा सर्वांत कमी शोषण करणाऱ्या भागांपैकी एक. ओले कपडे मात्र घरी येईपर्यंत अंगावरच राहतात, आणि जे शृंगस्तराच्या कोठारात शिरले ते कपडे उतरविल्यानंतरही आत झिरपत राहते.